नोटिशीला पंधरा दिवस, फाइलीला तीस

२४ मार्च २०२५ रोजी तेविसावा रोजा होता. लकडगंज पोलीस ठाण्याच्या हद्दीतली संचारबंदी नुकतीच उठली होती. दुकाने उघडली होती, पण बाजारात ईदची गर्दी नव्हती. इफ्तारनंतर घरात सगळ्यांच्या फोनवर एकच व्हिडिओ फिरत होता. १७ मार्चच्या हिंसाचारातल्या एका प्रमुख आरोपीच्या कुटुंबाचे यशोधरानगर भागातले घर महापालिकेच्या बुलडोझरने पाडले होते. त्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कारवाईला स्थगिती दिली, पण आदेश होईपर्यंत ते घर उरले नव्हते. महालमधल्या दुसऱ्या एका आरोपीच्या घराचे पाडकाम अर्ध्यावर थांबले.

आमच्या घरात कोणावर कसला गुन्हा नाही. तरीही अब्बूंनी फोन बाजूला ठेवला आणि विचारले, "अपने घर का मंजूर नक्शा किधर है?"

आम्ही लोखंडी कपाट उघडले. रजिस्ट्री निघाली. आखीव पत्रिका निघाली. वीस-बावीस वर्षांच्या टॅक्स पावत्या रबरबँड लावून ठेवलेल्या होत्या. विजेची बिले होती, नळाची बिले होती, अम्मीच्या नावाचे जुने रेशनकार्डही होते. मंजूर नकाशा नव्हता. घर आमचे आहे हे दाखवायला कागदांचा गठ्ठा होता, आणि ते परवानगी घेऊन बांधले आहे हे दाखवायला एकही कागद नव्हता.

त्या रात्री मला पहिल्यांदा कळले की हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जमीन कोणाची, याचे उत्तर रजिस्ट्री आणि आखीव पत्रिका देते. तिच्यावर जे उभे आहे ते कोणाच्या परवानगीने, याचे उत्तर मंजूर नकाशा, मंजुरीपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र देते. आपल्या मोहल्ल्यांमध्ये दहापैकी नऊ जण पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यालाही लावतात. "टॅक्स भरतो ना, मग घर कायदेशीर आहे," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतो आहे. ते चूक आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम २६७-अ तर अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट दंड लावण्याची सोय करते आणि असा दंड भरला म्हणजे बांधकाम नियमित झाले असे नाही, हेही तिथेच सांगते. पावती कर भरल्याचा पुरावा आहे, तेवढाच.

मला या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे. आपल्या घराची सरकारी फाइल आजच मागा, ती वाचा आणि तिची प्रमाणित प्रत घरात ठेवा. नोटीस आल्यावर मागाल तर उशीर झालेला असेल. असे का म्हणतो, ते आकड्यांनी सांगतो.

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने बुलडोझर कारवाईवर निकाल दिला. एखाद्यावर आरोप आहे, किंवा तो दोषी ठरला आहे, एवढ्यावरून त्याचे घर पाडता येणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले. शिवाय अनधिकृत बांधकाम पाडण्याची पद्धत घालून दिली. आधी कारणे दाखवा नोटीस, तिला उत्तर द्यायला किमान पंधरा दिवस. नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवायची आणि घरावरही लावायची. ती निघाल्याबरोबर जिल्हाधिकाऱ्यांना ईमेलने कळवायचे, म्हणजे मागची तारीख टाकायची सोय राहत नाही. नियम नेमका कुठे मोडला आणि कोणते कागद आणायचे, हे नोटिशीत लिहायचे. प्रत्यक्ष सुनावणी घ्यायची. शेवटचा आदेश कारणांसह द्यायचा आणि पाडण्याशिवाय पर्याय का नाही ते सांगायचे. त्यानंतर पुन्हा पंधरा दिवस थांबायचे. पाडकामाचे चित्रीकरण करायचे. रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्ग, नदी-तलाव अशा ठिकाणचे अतिक्रमण आणि न्यायालयाच्याच आदेशाने होणारे पाडकाम यांना मात्र हे संरक्षण लागू नाही.

नागपुरात हे घडले नाही. एप्रिल २०२५ मध्ये महापालिका आयुक्तांनी उच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन बिनशर्त माफी मागितली. सर्वोच्च न्यायालयाच्या या निर्देशांची आपल्याला माहिती नव्हती, असे त्यात म्हटले होते. निकाल चार महिन्यांपूर्वीचा होता आणि देशभरातल्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आला होता. माफीने घर परत उभे राहत नाही, हे वेगळे सांगायला नको.

पण आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. समजा सगळे अधिकारी उद्यापासून हा निकाल अक्षरशः पाळू लागले. तुमच्या हातात किती वेळ आहे? पंधरा दिवस. आणि माहिती अधिकार कायद्याने तुमच्याच घराच्या फाइलीची प्रत द्यायला कार्यालयाला किती वेळ आहे? तीस दिवस. नोटीस आली त्याच संध्याकाळी अर्ज केला, तरी सुनावणीच्या दिवशी फाइल हातात असेल याची खात्री नाही.

दुसरा रस्ताही याच ठिकाणी अडतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ खाली नोटीस आली, तर बांधकाम कायम ठेवण्यासाठी कलम ४४ खाली अर्ज करता येतो, आणि त्यावर अंतिम निर्णय होईपर्यंत बांधकामाला हात लावता येत नाही. ही फार मोलाची सोय आहे. पण तो अर्ज नोटिशीत दिलेल्या मुदतीतच करायचा असतो, आणि त्याला मोजणी लागते, नकाशा लागतो, आधी काय मंजूर होते ते दाखवावे लागते. ज्याच्याकडे फाइल आधीपासून आहे तोच हे मुदतीत करू शकतो. पंधरा दिवसांचे संरक्षण कागदावर सगळ्यांना सारखे आहे. व्यवहारात ते तयारी असलेल्याला मिळते.

आता फाइल कुठे शोधायची? नागपूरकरांसाठी हा प्रश्न इतर शहरांपेक्षा अवघड आहे, कारण इथे दोन दरवाजे आहेत. एक महापालिका, दुसरा नागपूर सुधार प्रन्यास. नासुप्र १९३६ च्या कायद्याने स्थापन झाला आणि शहरातल्या मोठ्या भागाची आखणी, भूखंडवाटप आणि मंजुरी त्याच्याकडून झाली. कोणत्या भागाचे अधिकार कोणाकडे, हेही मधल्या काळात बदलत गेले. शिवाय शेतजमिनीवर मंजुरीशिवाय पडलेले ले-आऊट आहेत. नागपुरात त्यांना '५७२' आणि '१९००' असे आकड्यांनीच ओळखतात. गुंठेवारी कायदा २००१ खाली तिथले भूखंड नियमित करून आरएल, म्हणजे नियमितीकरणाचे पत्र दिले जाते. इथे आणखी एक गैरसमज आहे. आरएल मिळाले म्हणजे भूखंड नियमित झाला. त्याच्यावर नंतर चढवलेला प्रत्येक मजला त्याने आपोआप मंजूर होत नाही. झोपडपट्टीतल्या घरांचे कागद आणखी वेगळे असतात. तिथे प्रश्न पट्ट्याचा आणि जुन्या रहिवासाच्या पुराव्याचा असतो, आणि तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

म्हणून सुरुवात मौजा, खसरा क्रमांक आणि भूखंड क्रमांक यांपासून करा. ते रजिस्ट्रीत असतात. आखीव पत्रिका महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीची मिळते. मग माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्रात फी दहा रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो, ऑनलाइनही करता येतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही. राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांची मर्यादा, म्हणून गाऱ्हाणे लिहीत बसू नका. मी एवढेच लिहिले होते:

"मौजा अमुक, खसरा क्रमांक अमुक, भूखंड क्रमांक अमुक येथील इमारतीच्या बांधकाम परवानगीची संपूर्ण फाइल पाहण्यासाठी उपलब्ध करून द्यावी. तीमधील मंजूर नकाशा, मंजुरीपत्र, जोते प्रमाणपत्र व भोगवटा प्रमाणपत्र यांच्या प्रमाणित प्रती द्याव्यात."

'पाहण्यासाठी' हा शब्द विसरू नका. कायद्याच्या कलम २ मध्ये अभिलेख पाहण्याचा आणि टिपणे घेण्याचा हक्क आहे. फाइल समोर आली की तुम्ही मागितले नव्हते असे कागदही दिसतात, आणि बहुतेक वेळा कामाचा कागद त्यांतच असतो. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याची गरज नाही. दोन्ही कार्यालयांपैकी कुठे फाइल आहे हे माहीत नसेल तर एकाकडे अर्ज करा. दुसऱ्याचा विषय असेल तर कलम ६(३) खाली पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवणे त्यांचे काम आहे. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील, आणि तिथेही नाही झाले तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. आयोगाचे खंडपीठ नागपुरातच आहे.

"फाइल सापडत नाही" हे उत्तरही येऊ शकते. माहिती नाकारण्याची जी कारणे कायद्यात दिली आहेत, त्यांत फाइल हरवणे हे कारण नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ खाली अभिलेख बेकायदा नष्ट करणे किंवा बाहेर नेणे हा शिक्षेस पात्र गुन्हा आहे. अपिलात याचा उल्लेख करा. २०१२ साली मंत्रालयाला लागलेली आग आठवत असेल, तर सरकारी कागद कायम राहील या भरवशावर राहू नका.

आमची फाइल सापडली. मी आणि अब्बू दोघे मिळून ती पाहायला गेलो. नकाशा पिवळा पडला होता, घड्यांवर फाटला होता, पण त्यावर मंजुरीचा शिक्का स्पष्ट होता. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. लॉग वाचून चूक कुठे झाली ते शोधणे हे माझे रोजचे काम. तो नकाशा वाचायला मला दहा मिनिटे लागली. मंजुरी फक्त तळमजल्याला होती. आपाच्या लग्नाआधी चढवलेला पहिला मजला त्यात नव्हता. मागच्या बाजूला जी मोकळी जागा सोडायची होती, तिथे आमचे संडास-बाथरूम आणि टिनाचे शेड उभे होते.

अब्बू बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ठेकेदारने बोला था, चलता है."

इथे दोष कोणत्याही कार्यालयाचा नव्हता. आम्ही विचारलेच नव्हते. घर आमचे, पैसा आमचा, मग विचारायचे कोणाला, असे आम्हाला वाटत होते.

आम्ही एका नोंदणीकृत आर्किटेक्टला घर दाखवले. त्यांनी मोजमाप घेऊन सांगितले की पहिला मजला आजच्या नियमांत बसतो, शुल्क आणि दंड भरून तो नियमित करण्याचा प्रस्ताव देता येईल. मागचे बांधकाम कोणत्याही नियमात बसत नाही. दोन आठवडे घरात वाद झाला. अम्मीचे म्हणणे, वीस वर्षांत कोणी काही बोलले नाही, आता कशाला उकरून काढायचे? शेवटी अब्बूंनीच मिस्त्री बोलावला. शेड उतरवले, संडास-बाथरूम आत घेतले, मागची भिंत पाडली. खर्च झाला, महिनाभर त्रास झाला. पण कोणते सामान कुठे ठेवायचे ते आम्ही ठरवले आणि विटा पुन्हा वापरता आल्या. मजल्याचा प्रस्ताव अजून तपासणीत आहे.

हे सांगण्याचे कारण असे की आपल्याकडे या विषयावर अर्धेच बोलले जाते. बुलडोझरचा निषेध आपण करतो आणि तो केलाच पाहिजे. निवडून निवडून पाडणे हा अन्याय आहे, मग ते बांधकाम अनधिकृत असो वा नसो. पण मोमिनपुऱ्यापासून हसनबागपर्यंत ज्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंचे जिने आणि छज्जे एकमेकांना भिडले आहेत, तिथे आग लागली तर अग्निशमन दलाची गाडी शिरणार कशी, हा प्रश्न आपण स्वतःला विचारत नाही. त्या गल्लीत जळणारे घर आपलेच असेल. रस्त्यातली त्रास देणारी वस्तू बाजूला करणे हा सदका आहे, हे आपण मदरशात शिकलो. आपला जिना गल्लीत आला असेल तर ती वस्तू कोणती?

न्यायालयही दोन्ही बाजू पाहते. बुलडोझरच्या निकालानंतर पाच आठवड्यांनी, १७ डिसेंबर २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने मेरठच्या एका प्रकरणात सांगितले की बांधकाम फार जुने आहे, त्यावर खर्च झाला आहे किंवा अधिकाऱ्यांनी दुर्लक्ष केले, एवढ्याने ते नियमित होत नाही. बांधकाम चालू असताना मंजूर नकाशा जागेवर लावलेला असला पाहिजे आणि इमारतीवर कर्ज देण्याआधी बँकांनी भोगवटा प्रमाणपत्र पाहावे, असेही निर्देश दिले. म्हणजे अम्मीचा "वीस वर्षांत कोणी काही बोलले नाही" हा युक्तिवाद कोर्टात टिकत नाही. आणि तुम्ही फ्लॅट घेत असाल तर स्कीमच्या ब्रोशरवर जाऊ नका. महारेराकडे नोंदलेल्या प्रकल्पाची माहिती आणि मंजुऱ्या संकेतस्थळावर पाहता येतात. बयाणा देण्याआधी त्या पाहा.

नवीन बांधणाऱ्यांसाठी रस्ता पूर्वीइतका कठीणही राहिलेला नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर नियमात बसणारा नकाशा, कागदपत्रे आणि शुल्क दिले की त्याची पोच हीच परवानगी मानली जाते. तीनशे चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. आपल्या वस्त्यांतले बहुतेक भूखंड या मापात येतात. बांधकाम परवाना, जोते प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र या लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली ठरावीक मुदतीत द्यायच्या सेवा आहेत. उशीर झाला तर त्या कायद्याखाली अपील करता येते. "ऑफिसात ओळख लागते" म्हणून दलालाला पैसे मोजण्याआधी हे वाचा.

सरकारच्या बाजूची थकबाकी मात्र मोठी आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) प्रमाणे कोणाला कोणते परवाने दिले, याचा तपशील कार्यालयाने कोणी न मागता स्वतःहून जाहीर करायचा आहे. हा कायदा २००५ चा आहे. नोटीस, तिचे उत्तर आणि आदेश दाखवणारे पोर्टल प्रत्येक पालिकेने तीन महिन्यांत उभारावे, असे नोव्हेंबर २०२४ च्या निकालात आहे. या दोन्ही गोष्टी नीट झाल्या तर अर्जांची निम्मी गर्दी कमी होईल, आणि कोणाला नोटीस दिली, कोणाला दिली नाही, हे सगळ्यांना दिसेल. भेदभाव होतो की नाही, या वादाला आकड्यांचे उत्तर मिळेल. तांत्रिकदृष्ट्या हे काम अवघड नाही, हे मी माझ्या धंद्यातल्या अनुभवावरून सांगू शकतो. वॉर्डातल्या नगरसेवकाला भेटाल तेव्हा नाली आणि दिव्याबरोबर ही मागणीही ठेवा.

आणि एक सावधगिरी. फाइल मागण्याचा हक्क शेजाऱ्याला घाबरवण्यासाठी वापरू नका. शेजाऱ्याचा नकाशा काढून खंडणी मागणारे लोक प्रत्येक शहरात आहेत, आणि त्यांच्यामुळे खऱ्या अर्जदाराकडेही संशयाने पाहिले जाते. नोव्हेंबर २०२५ पासून खासगी माहितीबाबतची तरतूदही अधिक कडक झाली आहे. स्वतःच्या घराच्या, मशिदीच्या, मदरशाच्या, सोसायटीच्या फाइलीपासून सुरुवात करा. तिथेच वर्षभराचे काम आहे.

सूरह अल-बकराची २८२ वी आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे. ती व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल, लेखकाबद्दल आणि साक्षीदारांबद्दल आहे. आपण ती निकाहनाम्याच्या आणि उधारीच्या संदर्भात ऐकतो. ज्या घरात आपण आयुष्यभराची कमाई घालतो, त्याच्या कागदांकडे मात्र पाहत नाही.

तुम्ही शिकलेले आहात, मराठीत अर्ज लिहू शकता, मोबाइलवर पीडीएफ उघडू शकता. तुमच्या गल्लीतल्या बऱ्याच चाचांना आणि खालांना हे जमत नाही. जुम्याच्या नमाजनंतर एक तास, एक टेबल, चार तरुण. प्रत्येक घरासाठी खसरा क्रमांक लिहून घ्या, अर्ज भरून द्या, दहा रुपयांचा स्टॅम्प लावा. आमच्या मशिदीत आम्ही हे सुरू केले. पहिल्या जुम्याला तिघेच आले. एकाकडे रजिस्ट्रीही नव्हती, ती कोणत्या मुलाकडे आहे ते आठवेपर्यंत तास संपला. पुढच्या जुम्याला ते ती घेऊन आले.

आमच्या लोखंडी कपाटात आता नकाशाची प्रमाणित प्रत आहे, प्लास्टिकच्या पाकिटात, टॅक्स पावत्यांच्या वर. स्कॅन केलेली प्रत आम्हा तिघा भावंडांच्या फोनमध्ये आहे. अब्बू पाहुण्यांना ती दाखवतात आणि विचारतात, "आप के घर का नक्शा किधर है?" अजून तरी कोणाला लगेच उत्तर देता आलेले नाही.